प्रयोगशाळेचे कुलूप उघडा

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये आले आणि पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा करण्याची वाट मोकळी झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची शाखा निवडता येईल, त्यासाठी १२ श्रेयांकांचा प्रकल्प राहील आणि पदवीवर ‘संशोधनासह ऑनर्स’ अशी मोहोर उमटेल, अशी ही योजना आहे. योजना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु मोहोर उमटवणे सोपे असते; तिच्याखालचा कागद भरलेला आहे की कोरा, हे पाहणे अवघड असते. कार्बनी रसायनशास्त्राच्या, म्हणजे नवी संयुगे घडवणाऱ्या प्रयोगशाळेच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. कारण तेथे प्रबंधाची भाषा कितीही सफाईदार असली तरी फ्लास्कच्या तळाशी काय जमले आहे, ते लपत नाही.

विशी न ओलांडलेल्या विद्यार्थ्याच्या हातून संशोधन होऊ शकते काय, अशी शंका आपल्याकडे अनेक प्राचार्यच बोलून दाखवतात. त्यांनी १८५६ सालच्या ईस्टरच्या सुट्टीकडे एकदा वळून पाहावे. विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीमध्ये ऑगस्ट हॉफमन यांच्या हाताखाली शिकत होता. गुरुजी सुट्टीनिमित्त जर्मनीला गेलेले. पर्किनने पूर्व लंडनमधील राहत्या घरी मांडलेल्या लहानशा प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याचा घाट घातला. हिवतापाने जर्जर झालेल्या वसाहतींत, अर्थातच आपल्या हिंदुस्थानातही, साम्राज्याचे सैनिक आणि अधिकारी टिकवून धरायचे तर क्विनीन हवे होते आणि ते सिंकोना झाडाच्या सालीखेरीज कोठे मिळत नव्हते. पर्किनने निव्वळ अंकगणित मांडले. अ‍ॅलिलटोलुइडिनचे दोन रेणू घ्यावेत, त्यांत ऑक्सिजनचे तीन अणू मिळवावेत, पाण्याचा एक रेणू बाहेर काढावा, की कागदावर क्विनीनचे सूत्र तंतोतंत जुळते! प्रत्यक्षात हाती लागला तांबूस गाळ. त्या काळी रेणूची अंतर्रचना कोणालाच ठाऊक नव्हती. अणूंची संख्या जुळली म्हणजे वस्तू जुळली, असे समजणे ही त्या मुलाची नव्हे, त्या काळाची चूक होती.

येथे एखाद्या परीक्षार्थी विद्यार्थ्याने भांडी धुऊन टाकली असती. पर्किनने तसे केले नाही. त्याने तीच कृती अधिक साध्या द्रव्यावर, अ‍ॅनिलिनवर करून पाहिली. यावेळी गाळ काळा कुळकुळीत निघाला. तो मद्यार्काने धुताना द्रावण जांभळे झाले आणि त्या जांभळ्या रंगाने रेशीम रंगले. उन्हात ठेवले, साबणाने धुतले, तरी रंग सुटेना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने पेटंट घेतले. हॉफमन यांचा विरोध असतानाही कॉलेज सोडले आणि १८५७ मध्ये वडील व भाऊ यांच्यासह ग्रीनफर्डला रंगाचा कारखाना काढला. वडील बांधकामाच्या व्यवसायातले. मुलाने रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये असे त्यांना वाटत होते, तरी आयुष्यभराच्या बचतीचा मोठा भाग त्यांनी या उद्योगात घातला. आमच्या वाचकांतील पालकवर्गाने हा तपशील जरा मनात ठेवावा.

या कथेत आणखी एक गंमत आहे. पर्किनचे अ‍ॅनिलिन शुद्ध नव्हते. त्यात टोलुइडिनची भेसळ होती. ती नसती तर तो जांभळा रंग तयारच झाला नसता. या रंगाची खरी रेणूरचना तर १९९४ मध्ये, म्हणजे तब्बल १३८ वर्षांनी निश्चित झाली. अपघाताने लागलेला शोध म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. पण अपघात प्रत्येक प्रयोगशाळेत रोज होत असतात. आपल्या परीक्षानळीत अपेक्षेहून वेगळे काही घडले, हे मान्य करून ते वहीत लिहिणारा विद्यार्थी मात्र रोज भेटत नाही.

जर्मनीने ही विद्या उचलली आणि तिला उद्योगाचे रूप दिले. अ‍ॅडॉल्फ फॉन बायर यांनी १८८० च्या सुमारास नीळ प्रयोगशाळेत बनवून दाखवली. ती कारखान्यात परवडण्याजोगी व्हायला आणखी १७ वर्षे आणि बी.ए.एस.एफ. कंपनीचे सुमारे १ कोटी ८० लाख सुवर्ण मार्क खर्ची पडले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बंगाल-बिहारच्या निळीचा बाजार बसला. निळीच्या मळेवाल्या गोऱ्या साहेबांचे नुकसान झाले म्हणून अश्रू ढाळण्याचे आपल्याला कारण नाही. पण त्यांनी तो तोटा कोणाच्या माथी मारला? तीनकठिया पद्धतीने नीळ पिकवण्याच्या सक्तीतून सुटका हवी असेल तर वाढीव खंड द्या, नाहीतर एकरकमी तावान भरा, असा तगादा चंपारणच्या रयतेमागे लागला. १९१७ मध्ये गांधीजी तेथे गेले, त्यामागील असंतोषाचे हे एक मोठे कारण होते. राईन नदीकाठच्या एका प्रयोगशाळेतील यश आणि चंपारणच्या शेतकऱ्याची विकलेली बैलजोडी यांत इतके जवळचे नाते असू शकते. जो देश स्वतः रेणू घडवत नाही, त्याला इतरांनी घडवलेल्या रेणूंची किंमत मोजावी लागते आणि ती नेहमी पैशातच असते असे नाही.

ही गोष्ट ज्यांना फार लवकर उमगली, त्यांत आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव अग्रभागी आहे. एडिंबराहून परतून १८८९ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. एकीकडे बेंगॉल केमिकलची उभारणी, दुसरीकडे पाऱ्याच्या नायट्राइटवरील संशोधन, तिसरीकडे हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे १९०२ आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेले दोन खंड. आणि या सर्वांहून मोठे काम म्हणजे विद्यार्थी. नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष यांच्यासारखी माणसे त्यांच्या प्रयोगशाळेत घडली. साठीनंतर त्यांनी विद्यापीठाचे वेतन स्वतःसाठी घेतले नाही. सायन्स कॉलेजातील एका खोलीत राहून ते प्रयोगशाळेसाठीच सोडून दिले. आपल्या इतिहासग्रंथात त्यांनी रसेंद्रचिंतामणीचा आवर्जून हवाला दिला आहे. जे शिकवतो ते प्रत्यक्ष कृती करून दाखवू शकतो तोच गुरू, असा त्या जुन्या रसशास्त्रज्ञाचा आग्रह होता. नागार्जुनाचे नाव घेऊन अभिमानाने छाती फुगवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हा आग्रह मनावर घेतला आहे, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

आता आपल्या महाविद्यालयांतील वस्तुस्थिती पाहू. प्रस्तुत लेखकाने स्वतः बी.एस्सी. रसायनशास्त्र घेऊनच केली, म्हणून हे लिहिताना इतरांकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हाला नाही. महाविद्यालयाचे नाव महत्त्वाचे नाही, कारण तेव्हा ते चित्र सर्वत्रच होते. अ‍ॅसिटानिलाइड बनवायचे, त्याचे स्फटिकीकरण करायचे, वितळणबिंदू काढायचा. पुस्तकात ११४ अंश लिहिलेले असे. आमचा पदार्थ १०७ लाच मऊ पडू लागला आणि ११० पर्यंत वितळून गेला. शेजारच्या मित्राने वहीत डोकावून हसत सांगितले, ‘११३ लिही, ११४ लिहिलेस तर सरांना संशय येईल.’ आम्ही ११३ लिहिले. जर्नलवर सही झाली, दहापैकी नऊ गुण मिळाले. तो पदार्थ ओला राहिला होता की त्यात अशुद्धी उरली होती, हा साधा प्रश्न ना आम्हाला पडला, ना कोणी विचारला. रसायनशास्त्र शिकण्याची खरी संधी त्या सात अंशांत होती आणि ती आम्ही एका खोट्या आकड्याने बुजवून टाकली.

हा वैयक्तिक कबुलीजबाब देण्याचे कारण एवढेच, की चौथ्या वर्षीच्या संशोधनाला जो सर्वांत मोठा धोका आहे तो पैशांच्या टंचाईचा नाही. तीन वर्षे ज्याने ‘उत्तर’ आधी पाहून वही भरली, तो चौथ्या वर्षी अचानक सत्यनिष्ठ कसा होणार? संशोधनात पुस्तकातले उत्तर नसते. तेथे विद्यार्थी सकाळी अभिक्रिया लावतो, दर तासाला काचनळीच्या टोकाने एक थेंब सिलिकाच्या पट्टीवर ठेवून ती द्रावकात उभी करतो, अतिनील दिव्याखाली ठिपके पाहतो. सुरुवातीच्या द्रव्याचा ठिपका फिका झाला का, नवा उमटला का, एक उमटला की चार? सायंकाळी सिलिकाने भरलेल्या उभ्या नळीतून मिश्रण सोडून एकेक घटक वेगळा करतो. रात्री निर्वात बाष्पकावर द्रावक उडवून हाती लागलेले चिमूटभर चूर्ण तोलतो. मग त्याचा एन.एम.आर. आलेख काढायला पाठवतो आणि तो आलेख सांगतो की जे हवे होते ते हे नव्हेच! पुन्हा पहिल्यापासून. अशा पंधरा-वीस फेऱ्यांनंतर एखादी गोष्ट साधते. या अपयशांची नोंद, तारखेसह, शाईने, पान न फाडता ठेवणे, हेच पदवी स्तरावरील संशोधनाचे खरे शिक्षण. त्यातून शोधनिबंध निघाला तर आनंदच. नाही निघाला तरी काही बिघडत नाही.

हाताच्या सफाईचे मोल किती असते, त्याचा एक हिशेब सांगतो. एखादे औषध बनवायला दहा टप्पे लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर ८० टक्के उत्पादन मिळते असे धरू. ८० टक्के म्हणजे परीक्षेत विशेष प्रावीण्य! पण दहाव्या टप्प्याअखेर मूळ द्रव्याच्या हिशेबाने हाती उरतात जेमतेम ११ टक्के. प्रत्येक टप्पा ९० वर नेला तर हाच आकडा ३५ होतो, म्हणजे तिपटीहून अधिक. औषध गरिबाला परवडणार की नाही, हे पुष्कळदा या फरकावर ठरते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनाऐवजी प्रक्रियेला संरक्षण दिले आणि भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी नव्या वाटा शोधून दाखवल्या. ए. व्ही. रामाराव मुंबईच्या यु.डी.सी.टी.त शिकले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. के. वेंकटरामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि पुढे हैदराबादच्या संस्थेची धुरा वाहिली. एड्सवरील झिडोव्हुडिन हे औषध स्वस्तात बनवण्याची त्या संस्थेची प्रक्रिया सिप्लाने वापरली. २००१ मध्ये याच सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा बहुराष्ट्रीय कंपन्या त्यासाठी दहा हजार डॉलरहून अधिक घेत होत्या. आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांसाठी हा दोन किमतींतला नव्हे, जीवन आणि मरण यांतला फरक होता.

पण या अभिमानाची दुसरी बाजू कोरोनाने दाखवली. गोळ्या आपण बनवत होतो. गोळ्यांतील मूळ औषधद्रव्ये आणि त्यांच्या आधीची रसायने मोठ्या प्रमाणावर चीनहून येत होती. साध्या पॅरासिटामोलसाठी लागणाऱ्या पॅरा-अमिनोफेनॉलसाठीदेखील आपण तिकडेच पाहत होतो. मार्च २०२० मध्ये सरकारला पॅरासिटामोलसह २६ औषधे व औषधद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. त्याच वर्षी ५३ मूळ औषधद्रव्यांच्या देशांतर्गत उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली, ही योग्य दिशा होती. विशेष म्हणजे पेनिसिलिनसाठी पिंपरीत १९५४ मध्येच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली होती. तरीही आपण परावलंबी झालो. कारखाना अनुदानाने उभा राहतो. त्यातली प्रक्रिया वर्षानुवर्षे सुधारत नेणारी माणसे कोठून येणार? ती आकाशातून पडत नाहीत. ती आजच्या बी.एस्सी.च्या वर्गात, मागच्या बाकावर बसलेली आहेत आणि सी.ई.टी.त गुण कमी पडले म्हणून आपण येथे आलो, असे त्यांना घरूनच ऐकवले गेले आहे.

प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. १९९९ मध्ये किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना सुरू झाली, ती २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन करण्यात आली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संशोधनाशी जोडणारा उपक्रम चालवला. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या आहेत, राज्यात २००६ पासून ‘आविष्कार’ स्पर्धा आहे. २००६ मध्ये पुण्यात आयसर आले. तेथे विद्यार्थी शेवटचे वर्ष प्रयोगशाळेतच काढतो. परंतु या ओंजळीएवढ्या जागा आहेत. बी.एस्सी.चे बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात आणि तेथे रसायनशास्त्राचा बराच भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वाहत असतात. ज्याचे स्वतःचे पुढच्या जूनचे ठरलेले नाही, त्याने विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रकल्प कसा अंगावर घ्यावा?

आणि ७५ टक्क्यांची ती अट. सर्वांना संशोधन झेपणार नाही हे मान्य. पण कार्बनी रसायनशास्त्रात हात आणि चिकाटी ही गुणपत्रिकेत न दिसणारी पात्रता आहे. विसाव्या शतकातील श्रेष्ठ संश्लेषक रॉबर्ट वुडवर्ड यांना १९३४ मध्ये एम.आय.टी.ने अभ्यासाकडे दुर्लक्ष केले म्हणून बाहेर काढले होते. पुढच्या वर्षी परत घेतले, वर्गात बसण्याची सक्ती केली नाही, काम करायला प्रयोगशाळा दिली. १९३६ मध्ये ते पदवीधर झाले, १९३७ मध्ये, विसाव्या वर्षी, डॉक्टर. पर्किनला जे क्विनीन साधले नाही, त्याच्या संश्लेषणाची वाट १९४४ मध्ये याच वुडवर्ड यांनी डोअरिंग यांच्यासह आखून दाखवली. प्रत्येक महाविद्यालयात वुडवर्ड असतो असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. परंतु ६८ टक्के मिळवणारी, प्रयोगशाळेत मात्र सर्वांच्या आधी येऊन सर्वांच्या नंतर जाणारी मुलगी प्रत्येक महाविद्यालयात असते. विभागप्रमुखाला तिला आत घेण्याचा अधिकार नियमाने द्यावा.

एका बाबतीत मात्र उत्साहाला लगाम घातलाच पाहिजे आणि तो विषय चर्चेत फारसा येत नाही. डिसेंबर २००८ च्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, नुकतीच पदवीधर झालेली २३ वर्षांची एक संशोधन साहाय्यिका हवेत आपोआप पेटणारे रसायन सिरिंजने ओढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला, रसायन पेटले. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर, वर ज्वालारोधक कोट नाही. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला. जगातील अग्रगण्य विद्यापीठात हे घडू शकते. आपल्याकडे तर पिपेट तोंडाने ओढण्याची सवय पिढ्यान्पिढ्या चालली, उरलेले द्रावक मोरीत ओतले जाते आणि विषारी वायू बाहेर खेचणारे कपाट असलेच तर त्याचा पंखा बंद असतो व आत जुनी जर्नले रचून ठेवलेली असतात. चष्मा, सुती कोट, चालू पंखा, अग्निशामक आणि जवळ उभा असलेला जाणता माणूस या पाच गोष्टी जेथे नाहीत, त्या महाविद्यालयाला संशोधन शाखा देऊच नये. मग तेथील व्यवस्थापन कितीही वजनदार असो.

करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याला कोट्यवधी लागत नाहीत. एन.एम.आर. यंत्र प्रत्येक महाविद्यालयाने घ्यावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. पण राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि विद्यापीठांचे विभाग यांनी जिल्ह्याच्या महाविद्यालयांचे नमुने नाममात्र शुल्कात तपासून द्यावेत, अशी व्यवस्था शासनाला एका आदेशाने करता येईल. लोटे परशुराम, तारापूर, कुरकुंभ येथील रासायनिक कारखाने आणि आसपासच्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा यांच्यात आज फारसा संबंध नाही. कारखान्यापुढे अनेक लहान प्रश्न पडून असतात. एखादा घातक द्रावक बदलता येईल काय, एखादा टप्पा पाण्यात करता येईल काय? असा प्रश्न एका विद्यार्थ्याला वर्षभर पुरतो आणि त्याचे उत्तर ‘नाही’ आले तरी कारखान्याला त्याचा उपयोग असतो. निवृत्त झालेले प्रक्रिया-रसायनज्ञ डोंबिवली, ठाणे, पुणे येथे घरोघरी आहेत. आपल्या कार्यकर्त्यांच्या संपर्कातही असतील. आठवड्याचे दोन दिवस जवळच्या महाविद्यालयात द्यायला त्यांना कोणी विचारलेलेच नाही.

राहिला प्रश्न पालकांचा. येत्या जूनमध्ये प्रवेशासाठी महाविद्यालयात जाल तेव्हा निकालाची टक्केवारी आणि कॅम्पसची छायाचित्रे दाखवली जातीलच. त्यानंतर रसायनशास्त्राच्या विभागात जावे आणि शेवटच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची प्रयोगवही पाहायला मागावी. तिच्यात फसलेला एक तरी प्रयोग लिहिलेला सापडतो का, ते पाहावे.